मस्कतला जुलैत कुणी जात नाही

आमच्या बेंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी यंदा मला धरलं. "अक्का, तुम्ही एवढी वर्षं लोकांना आखातात पाठवताय, तिकडं कुठल्या महिन्यात जावं तेवढं लिहा, पानभर पुरे," म्हणाले. खरं तर पानभरही नको, एक ओळ बास. नोव्हेंबर ते मार्च जा, बाकीच्या महिन्यांत घरी बसा. झाला लेख. पण एवढं सांगून लोक ऐकतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी चिकपेटेत धंदा केलेला नाही.

माझं ऑफिस चिकपेटेत, घाऊक साड्यांच्या गल्लीत, एक जिना चढून आहे. खोली लहान, टेबल मोठं, आणि भिंतीवर समुद्राचा एक निळा फोटो, जो आता उन्हानं हिरवट झालाय. आम्ही इथले जुने मराठी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधे जे काही तयार होतं ते आमचं. आमच्या घराण्यात समुद्र ओलांडलेली मीच पहिली, तेही गिऱ्हाइकांच्या आधी जागा बघून यावी म्हणून. तेव्हापासून मस्कतचा किनारा मी जवळपास सगळ्या महिन्यांत पाहिलाय आणि त्याबद्दल मला थोडा गर्व आहे, तो मी लपवत नाही.

लोकांना वाटतं आम्ही तिकिटं विकतो. तिकीट आता कुणीही फोनवर काढतं, त्यासाठी माझा जिना चढायची गरज नाही. मी विकते तो महिना. जागा तीच, हॉटेल तेच, समुद्र तोच, पण महिना चुकला की माणूस परत येऊन मला शिव्या घालतो, आणि महिना बरोबर साधला की श्रेय हॉटेलला देतो. हा धंदाच असा आहे.

आता तिथली हवा सांगते. मस्कतला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उघडेबोडके खडकाळ डोंगर. मधे चिंचोळी जागा, तिच्यात शहर. डिसेंबर-जानेवारीत इतकं सुखाचं असतं की संध्याकाळी किनाऱ्यावर बसायला शाल लागते. कधी पाऊस पडतो, आणि पडला की कोरड्या ओढ्यांना बघता बघता लोंढा येतो, म्हणून ओढ्याच्या पात्रात गाडी लावायची नाही. फेब्रुवारीत वारा असतो. मार्च माझा सगळ्यात लाडका, गर्दी कमी आणि पाणी पोहण्याजोगं. एप्रिल संपत आला की डोंगर तापायला लागतात. मे-जूनमध्ये वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. आणि जुलैत समुद्राची वाफ त्यात मिसळते. मग घाम येतो पण वाळत नाही. दिवसभर तापलेले डोंगर रात्रभर उष्णता सोडत राहतात. गार पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो. समुद्रात उतरावं तर तोही कोमट.

आपल्या बेंगळूरच्या माणसाची अडचण अशी की त्याला हवा म्हणजे काय ते माहीतच नाही. आपल्याकडे पारा जरा वर चढला की शेजारीपाजारी घरात आजारपण असल्यासारखे बोलतात, आणि दोन थेंब पडले की स्वेटर निघतात. अशी माणसं शाळांना सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "अक्का, मे महिन्यात करून द्या. ऊन काय, आपल्याकडेही असतंच की." नाही हो, आपल्याकडे नसतं.

तोंडानं सांगून पटत नाही म्हणून मी एक युक्ती काढली. माझ्या ऑफिसखाली साड्यांना रोल-पॉलिश करणारा एक छोटा कारखाना आहे. धुतलेली, चुरगळलेली साडी गरम वाफेच्या रुळावरून फिरवायची, म्हणजे ती पुन्हा कडक, चकचकीत होते. खोलीला खिडकी एक, तीही बंद, कारण वाऱ्यानं साडी उडते. जो कुणी उन्हाळ्याचा हट्ट धरेल त्याला मी खाली नेते आणि म्हणते, "मी कॉफी संपवते तोवर आत उभे राहा. तिथली संध्याकाळ अशी असते. दुपार मी दाखवू शकत नाही." कॉफी अर्धी होते न होते तोच माणूस बाहेर येतो, कपाळ पुसतो आणि म्हणतो, "डिसेंबर सरी," म्हणजे डिसेंबरच ठीक. कारखान्याचे मालक मला गमतीनं म्हणतात, तुम्ही आम्हाला भाडं द्यायला पाहिजे.

मी नेहमी बरोबरच असते असं मात्र नाही. एका रेशीमवाल्यांचं भलंथोरलं एकत्र कुटुंब मी जुलैत सलालाला पाठवलं होतं. सलाला त्याच देशात, पण खूप दक्षिणेला. तिथं त्या दिवसांत पावसाळी वारे येतात, वाळवंटाचा किनारा हिरवागार होतो, डोंगरावर धुकं उतरतं, आणि साऱ्या आखातातले लोक गाड्या भरभरून ती भुरभुर अंगावर घ्यायला जमतात. मला वाटलं, यापेक्षा मोठा चमत्कार काय दाखवणार! परत आल्यावर कुटुंबातल्या आजोबांनी माझ्यासमोर बसून शांतपणे विचारलं, "भुरभुर पाऊस, धुकं, हिरवळ आणि गार वारा. हे बघायला आम्ही विमानानं गेलो? जुलैत आमच्या गच्चीवर काय असतं, अम्मा?" मी म्हटलं, वाळवंटाच्या कडेला आहे म्हणून ते विशेष. ते म्हणाले, "वाळवंट कुठं होतं? धुक्यात दिसलं नाही." चमत्कार होता हे मी अजूनही म्हणते. पण कुणासाठी, ते मी बघायला हवं होतं.

आणि इथल्याच एचएसआर लेआउटमधलं एक मूळचं पुण्याचं जोडपं. दोघंही आयटीत. "मॅम, आम्हाला जुलैच पाहिजे, तेव्हा लीव्ह अप्रूव्ह झालीये." मी त्यांनाही खाली नेलं. दोघं घामाघूम होऊन बाहेर आली आणि तरी म्हणाली, "चालेल. आम्हाला बाहेर पडायचंच नाहीये, फक्त झोपायचंय." रिकामं हॉटेल, बंद पडदे, थंडगार खोली. दोघं इतकी ताजीतवानी होऊन परत आली की मला त्यांचा हेवा वाटला. थोडक्यात, कधी जावं हे कशाला जावं यावर असतं. एवढी साधी गोष्ट मला कळायला बरीच वर्षं लागली, आणि ती नीट कळली ती जानकीअक्कांमुळे.

रंगनाथराव आणि जानकीअक्का आमच्याच गल्लीच्या मागं राहतात, माझ्याहून वयानं मोठे. रंगनाथराव मस्कतला बांधकामावर फोरमन होते. किनाऱ्याच्या रस्त्याची भिंत, फरसबंदी, ते सगळं ज्या कंत्राटदारानं केलं त्याच्याकडे. दोन वर्षांतून एकदा दसऱ्याला यायचे, सगळ्या गल्लीला खजूर वाटायचे आणि फोटो दाखवायचे. पांढरा शर्ट, मागं निळा समुद्र, कोवळं ऊन. मी नवी होते तेव्हा त्यांचे ते फोटो बघून माझ्याकडे गिऱ्हाईक आलंय. अशी बरीच वर्षं काढून ते निवृत्त होऊन घरी आले.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले. "मालती, आम्हा दोघांचं डिसेंबरचं कर. हिला एकदा दाखवायचंय. समुद्राकडची खोली दे." मला आनंद झाला. कामगार म्हणून गेलेला माणूस पाहुणा होऊन परत जातोय, याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं!

दुसऱ्या दिवशी जानकीअक्का एकट्या आल्या. धापा टाकत जिना चढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "डिसेंबर बेडा, नको गं. जुलैचं कर."

मी म्हटलं, "अक्का, जुलैत कुणी जात नाही."

"हे जायचे की."

"ते कामाला होते. तुम्ही फिरायला जाताय."

"फिरायला नाही जात मी." त्या टेबलावर कोपर टेकून बसल्या. "ऐक. लग्न झाल्यापासून मी म्हणत आले, मला एकदा न्या. दर वेळी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. नणंदा म्हणायच्या, तिकडं दुसरं बिऱ्हाड असेल. हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या. मी पण हसायची. थंडीत यांचा फोन आला की घरातल्या मांजरापर्यंत सगळ्यांची चौकशी. उन्हाळ्यात आला की दोन शब्द. 'सरी, ठेवतो.' अष्टे, एवढंच. पोरं तापानं फणफणलेली असायची, मला बोलायचं असायचं, आणि हे ठेवून द्यायचे. मी काय समजायचं सांग?"

"विचारलं नाहीत कधी?"

"विचारलं तर म्हणतात, स्वल्प ऊन असायचं. स्वल्प म्हणजे किती, ते मला बघायचंय. मेल्यावर नाही बघता येणार."

मी हादरले. अक्कांना रक्तदाब आहे हे सगळ्या गल्लीला माहीत. मी साफ नाही म्हटलं. त्या उठेनात. शेवटी माझं नेहमीचं हत्यार काढलं आणि म्हटलं, चला खाली.

कारखान्यात वाफेचा रूळ चालू होता. अक्का आत गेल्या. मी दाराशी कॉफी घेऊन उभी राहिले. इतक्यात रंगनाथराव त्यांना शोधत आले. मला वाटलं, आत जाऊन हाताला धरून बाहेर काढतील. पण ते उंबऱ्याशीच थबकले. आतून वाफेचा झोत आला तसे दोन पावलं मागं सरले आणि भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत उभे राहिले. "मी इथंच थांबतो," म्हणाले.

माझी कॉफी संपली. अक्का आल्या नाहीत. आत डोकावले तर त्या रुळापाशी उभ्या होत्या. चेहरा लाल, पोलकं पाठीला चिकटलेलं, आणि रूळ चालवणाऱ्याला विचारत होत्या, "दिवसभर इथंच उभा असतोस? जेवायला तरी बाहेर जातोस का?" मीच घाबरून त्यांना बाहेर ओढलं. पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "जुलै."

रंगनाथराव भडकले. शांत माणूस, मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. "वेड लागलंय हिला! मालती, तू नाही म्हण. त्या महिन्यात काय आहे तिथं बघायला?"

"तुम्ही होता की," अक्का म्हणाल्या.

गल्लीतून हमाल गठ्ठे घेऊन "जागा, जागा" करत चालले होते, आम्ही तिघं भिंतीला सरकून उभे होतो. आजपर्यंत मी त्या किनाऱ्याची अर्धीच गोष्ट विकत आलेय, हे मला तेव्हा फार लागलं. ज्यांनी तो रस्ता बांधला त्यांच्या वाट्याला त्याचा नुसता डिसेंबर कुठं आला होता?

तरी भीती होतीच. मी अक्कांच्या डॉक्टरांकडे स्वतः गेले. त्यांनी आधी माझीच खरडपट्टी काढली, मग गोळ्या बदलून दिल्या आणि अटी घातल्या. त्यांत मी माझ्या घातल्या. हॉटेल त्या रस्त्यावरच. गाडी दारापासून दारापर्यंत, आणि ती सतत चालू, गार. मीठ-साखरेचं पाणी जवळ. रबरी चप्पल नको, तिचा तळ वितळतो. दुपारी बाहेर पडायचं ते एकदाच आणि थोडाच वेळ. रंगनाथराव सगळं ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा माझ्यावर राग होता, आणि तो रास्त होता.

त्यांना पोचवायला मी देवनहळ्ळीला विमानतळापर्यंत गेले. सहसा जात नाही. बाहेर गार वारा सुटला होता, अक्कांनी स्वेटर घातला होता आणि त्या खुशीत होत्या. त्या पाणी आणायला वळल्या तेव्हा रंगनाथराव हळूच म्हणाले, "मी कधी सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार होतं? कळलं असतं तर ती इथं नीट जेवली सुद्धा नसती. आता तिथं हिला काही झालं तर मी काय करू, मालती?" मी मीठ-साखरेच्या आणखी दोन पुड्या त्यांच्या पिशवीत कोंबल्या.

ते गेले आणि मी रोज फोनवर तिथली हवा बघत बसले. गिऱ्हाइकांना मी सांगते की फोनवरचा आकडा बघू नका, त्यात दमटपणा कळत नाही. मी मात्र तो आकडाच बघत होते. फोन करायचा धीर झाला नाही.

परत आल्यावर अक्का एकट्याच जिना चढून आल्या. हातात ओमानी हलव्याचा डबा होता. चेहरा जरा काळवंडलेला, पण ठीक होत्या. मी त्यांना बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी तो परत माझ्याकडे वळवला आणि बोलायला लागल्या.

"रस्ता काय सुंदर आहे गं! फरशी, बाकं, दिवे. आणि माणूस एक नाही. यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि काचेतूनच भिंत दाखवली, 'ही आमची.' मी म्हटलं, उतरा. उतरलो. श्वास घेतला तर आत सुद्धा गरम. चष्मा पांढरा झाला. पुसला, परत पांढरा. मग काढूनच टाकला. सावली बघितली तर दिव्याच्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच, एवढीशी. बोलावं म्हटलं तर जीभ टाळ्याला. तेव्हा मला कळलं, फोन दोन शब्दांत का ठेवायचे ते. अख्खा दिवस त्यात काढल्यावर कुणाला बोलवेल?"

"त्यांना म्हणालात का तसं?"

"कुठलं म्हणते! मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खिशातून पंचा काढला, एका हातानं डोक्याला, तोंडाला गुंडाळला, डोळे तेवढे बाहेर. भिंतीकडे बघत बघत, सहज. आपण पदरानं गरम पातेलं उतरवतो ना, तसं. एवढा संसार झाला, मालती, यांचं खाणं, झोपणं, खोकणं मला पाठ. हे मी कधीच बघितलं नव्हतं. दुसराच माणूस उभा होता तिथं, आणि तो पण माझाच होता."

अक्कांनी डोळे पुसले. त्यांना लाज वाटली नाही, मलाही नाही.

"मला भोवळ यायला लागली. म्हटलं, चला आत. तर म्हणाले, तू बस जा गाडीत, मी येतो. आणि उभेच. हलेचनात. काही बघत नव्हते, काही करत नव्हते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मी हाक मारतेय, हे आपले भिंतीपाशी. कशाला थांबले होते कोण जाणे. मग मी परत उतरले. जवळ गेले, डोक्याचा पंचा सोडला, घडी केली आणि म्हटलं, 'अहो, चला आता घरी. कामाची सुट्टी झाली तुमची.'"

"मग?"

"मग आले," अक्का म्हणाल्या. "भर रस्त्यात, त्या ड्रायव्हरच्या देखत, माझा हात धरून आले."